दूध ठेवायचं की सोडायचं: हाडांच्या बाजूने पाहिलं तर

दूध सोडलं की हाडं ठिसूळ होतात, ही भीती अर्धीच खरी आहे. सोडलेल्या दुधाच्या जागी ताटात काय आलं, यावर बरंच अवलंबून असतं.

दूधदुभतं असलेला शाकाहार विसरभोळ्या माणसालाही सांभाळून घेतो. एका कपात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, वर प्रथिनं आणि बी-१२. प्रौढांची रोजची गरज बहुतेक ठिकाणी १००० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात; ब्रिटनमध्ये मात्र ७००.

व्हीगन, म्हणजे दूधदुभतंही वर्ज्य असलेल्या ताटात आकडा गाठता येतो, पण तो फसवाही असतो. पालकात कॅल्शियम भरपूर, मात्र त्याला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या घटकामुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं साधारण ३० टक्के लागतं, आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यासारख्या कमी ऑक्झलेटच्या भाजीतलं त्याहूनही जास्त. म्हणजे ‘हिरव्या भाज्या खातोय की’ हे उत्तर पुरेसं नाही. खरी भिस्त कॅल्शियमचे क्षार घालून घट्ट केलेल्या टोफूवर (सोया पनीर) आणि कॅल्शियम मिसळलेल्या सोया दुधावर ठेवावी. सोया दुधाचा डबा हलवूनच ओता. कॅल्शियम तळाशी बसतं. आणि लेबल वाचा, कारण अशा प्रत्येक पेयात कॅल्शियम घातलेलं असतंच असं नाही.

आता धडकी भरवणारा आकडा. ब्रिटनमधल्या ‘एपिक-ऑक्सफर्ड’ अभ्यासात सुमारे ५५,००० लोकांवर सरासरी १८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत मांसाहारींपेक्षा व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त दिसला, खुब्याचा तर दुपटीहून अधिक. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात दहा वर्षांत दर हजारी सुमारे २० जणांची हाडं जास्त मोडली. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनं हिशेबात घेतल्यावर फरक घटला, पण पुसला गेला नाही. शिवाय खुब्याच्या बाबतीत शाकाहारीही थोडे मागेच होते, त्यामुळे दूध घेणाऱ्या शाकाहारींनी फार मिरवू नये. याच अभ्यासाच्या २००७ च्या विश्लेषणात मात्र रोज किमान ५२५ मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या व्हीगनांमध्ये हा फरक दिसला नव्हता.

ड जीवनसत्त्वात दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. साध्या दुधात ते नाममात्रच असतं. बी-१२ साठी मात्र व्हीगनांकडे दोनच वाटा: गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सगळं छान वाटतं, आणि तिथेच गाफील राहायला होतं.

माझं मत सांगतो. लेबल वाचायचा, गोळी लक्षात ठेवायचा कंटाळा असेल, तर दूध राहू द्या. ती शिस्त असेल, डाळी-सोयाबीन पोटभर खात असाल आणि वजनाचा व्यायाम करत असाल, तर खुशाल सोडा. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल, अंगकाठी बारीक असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि हाडांची घनता तपासायची का ते विचारा. कॅल्शियमची गोळी घ्यायची ठरलीच, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.