बाळंतविड्यात गोधडी द्यावी की क्रोशाचं पांघरूण?

बाळंतविडा घरी करायचा ठरला की टोपडी, झबली, दुपटी, कुंची यांचा प्रश्न नसतो. ती एकेका दुपारीत होऊन जातात. अडतं ते मोठ्या वस्तूपाशी. बाळ मोठं झाल्यावरही घरात राहील अशी एक तरी गोष्ट त्यात असावी असं वाटतं, आणि हाताशी असतात जेमतेम दोन-तीन महिने. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी इथे दोन गोष्टींत घुटमळतात: जुन्या सुती साड्यांची गोधडी, नाहीतर क्रोशाचे चौकोन जोडून केलेलं पांघरूण. मी दोन्ही केलंय. क्रोशाचं जावेच्या नातीला दिलं, गोधडी भाच्याच्या मुलाला. दोन्ही घरांत जाणंयेणं असल्यामुळे पुढे त्यांचं काय झालं तेही बघितलंय. तुम्हाला क्रोशाचा खांब घालता येतो आणि हातशिवणीचा तुमचा धावदोरा सरळ जातो, असं धरून लिहिते.

आधी क्रोशाबद्दल, कारण त्याचं मला मनापासून कौतुक आहे. एक सुई, एक गुंडी, बस्स. पिशवीत टाकलं की लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही काम पुढे सरकतं. अर्ध्या तासात एक चौकोन हातावेगळा होतो आणि तो पूर्ण झालेला दिसतो, याचं समाधान मोठं असतं. रंगांची मजा तर विचारू नका. बारशाला पिशवीतून क्रोशाचं काम बाहेर निघालं की बायका ते हातात घेऊन उलटसुलट करून बघतातच. त्या कौतुकाला अर्थ आहे. विणकाम यंत्रावर होतं, भरतकाम होतं, शिवण तर होतेच. पण खरा क्रोशा आजही हातानंच करावा लागतो. दुकानात क्रोशासारखी दिसणारी जाळी मिळते, ती वेगळ्या तऱ्हेनं यंत्रावर विणलेली असते. शिवाय हे पांघरूण वाढवता येतं. मूल उंच झालं की चारी बाजूंनी चौकोनांची आणखी एक रांग लावली की झालं. गोधडीला ही सोय नाही.

दोऱ्याचं मात्र आधी ठरवावं लागतं. अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त पडते, रंग भरपूर मिळतात, हाताला मऊ लागते. पण ती घाम शोषत नाही. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने बाळाच्या अंगावर ती घालवत नाही. बाळ न्यू जर्सीला किंवा लंडनला जन्मणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ती चालते, मशीनमध्ये सोसतेही. इथल्या हवेत सुती दोराच घ्यावा. मी चकाकी असलेला मर्सराइज्ड सुती दोरा घेतला होता. टिकाऊ, रंग पक्का, टाका सुबक दिसतो.

माझा निर्णय ज्या गोष्टीनं झाला ती इथेच सुरू होते.

हिशोब मांडून बघा. तीस इंची चौरस पांघरूण, पाच इंचाचा एक चौकोन, म्हणजे ३६ चौकोन. एका चौकोनात तीन रंग घेतले तर प्रत्येक रंगाचं सुरुवातीचं एक टोक आणि शेवटचं एक, म्हणजे चौकोनामागे सहा. एकूण २१६ शेपट्या. चौकोन जोडतानाची टोकं वेगळीच. ही सगळी सुईत ओवून टाक्यांच्या आत दडवायची. हे काम कंटाळवाणं आहे याबद्दल माझी तक्रार नाही. हातकामात कंटाळा गृहीतच असतो. तक्रार आहे ती त्या शेपट्या आत राहत नाहीत याची.

का राहत नाहीत, तेही बघण्यासारखं आहे. खऱ्या लोकरीच्या दोऱ्याला लव असते, धुण्यानं ती एकमेकीत गुंतते आणि टोक धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिकही बऱ्यापैकी धरतं. मर्सराइज्ड सूत गुळगुळीत असतं. त्याची चकाकीच त्यामुळे असते. म्हणजे आपल्या हवेला जो दोरा योग्य, तोच टोक धरायला सगळ्यात नाखूश. त्यात क्रोशाचं कापड चहूबाजूंनी ताणतं. दडवलेली शेपटी मात्र सरळ, ती ताणत नाही. कापड ताणलं आणि सैल पडलं की दर वेळी ती तसूभर सरकते. बाळाची वस्तू रोज धुतली जाते, पिळली जाते, मशीनमध्ये गरगरते. मी तिन्ही दिशांनी ओवून, दोऱ्याच्या पिळातून सुई काढून टोकं पक्की केली होती. तरी काही धुण्यांनंतर एकेक बाहेर डोकवायला लागली. बाळाच्या आईनं, दिसायला वाईट म्हणून, ती कात्रीनं छाटली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कुणीही तेच केलं असतं. पण छाटलेलं टोक पुढच्या धुण्यात टाक्यातून निसटलं आणि एका चौकोनाची कडेची ओळ उसवत गेली. क्रोशा शेवटच्या टोकाकडून किती सहज उसवतो हे करणारीला माहीत असतं, वापरणारीला नसतं.

गाठ मारावी तर ती बाळाच्या पाठीखाली खड्यासारखी टोचते.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. सुटा दोरा किंवा लांब केस तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर तो आवळत जातो, बोट सुजतं, रक्त पोचायचं थांबतं. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो, आणि म्हणूनच मोजे-हातमोजे उलटे करून आतले धागे बघायला सांगतात. बाळ विनाकारण रडत असेल तर हातापायांची बोटं तपासा, असंही सांगतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पण त्या पांघरुणात बाळाच्या पायाचं बोट जाळीत अडकलेलं मी पाहिलं, शेजारीच एक शेपटी लोंबत होती, आणि माझं मन त्या वस्तूवरून उडालं ते उडालंच.

याला उपाय नाहीत असं नाही. नवा रंग घेताना जुनं टोक नव्या खांबांच्या आत धरून विणत गेलं तर निम्मं काम तिथेच होतं. टोक निदान सहा इंच ठेवावं. सगळ्यात सोपं म्हणजे चौकोनांचा नादच सोडायचा, एकाच रंगात सलग ओळी घालायच्या, मध्ये साखळ्यांची भोकं न ठेवता दाट खांब. मग गुंडी बदलताना जेवढी टोकं येतील तेवढीच. असं केलेलं पांघरूण मला चालेल. पण मग रंगांची मजा आणि पिशवीतला चौकोन, दोन्ही गेलं. ज्यासाठी क्रोशा निवडला तेच उरलं नाही.

आता गोधडी. आमच्या कराडकडे वाकळ म्हणतात, पण ती मोठ्या माणसांची, जाडजूड. बाळासाठी तीनच थर पुरतात: वर एक, खाली एक, मध्ये एखाद्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तीस बाय चाळीस इंच. कडा आत दुमडायच्या, सगळीकडे सढळ हातानं कच्चे टाके घालायचे आणि धावदोरा घालत बाहेरच्या काठापासून फिरत फिरत आत यायचं. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साधारण पन्नास मीटरच्या वर धावदोरा होतो. हातभर दोरा सुईत घेतला तर नव्वदेक वेळा तरी सुई ओवायची, म्हणजे टोकं इथेही १८० च्या घरात. फरक एवढाच की गोधडीला पोट असतं. दोरा संपला की एक उलटा टाका घालायचा, सुई दोन थरांच्या मधून तीन-चार बोटं सरकवून बाहेर काढायची आणि दोरा तिथे कापायचा. टोक पोटात जातं आणि तिथेच राहतं. भाच्याच्या मुलाची गोधडी किती वेळा धुतली गेली असेल देव जाणे, एकही टोक वर आलेलं मी बघितलं नाही. मधला एखादा टाका तुटला तरी शेजारच्या ओळी कापड धरून असतात, आणि घरातलं कुणीही सुईदोरा घेऊन तेवढा भाग पुन्हा शिवू शकतं. क्रोशाच्या दुरुस्तीला क्रोशा येणारीच लागते.

बाहेरून आत येण्याच्या पद्धतीत एक गोम आहे. कडा आधीच बंद झालेल्या असतात, त्यामुळे कापडाचं ढिलेपण मध्याकडे ढकललं जातं आणि तिथे चुण्या पडतात. चौकटीवर ताणून शिवणाऱ्या बायका म्हणूनच मधून बाहेर जातात. मला त्या बारीक चुण्या आवडतात. गोधडीचा पोत त्यांनीच येतो. पण मोठी घडी पडू द्यायची नसेल तर कच्च्या टाक्यांत कंजुषी नको. कोपऱ्यांची रीत मी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांकडून घेतलीय. त्याही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बाहेरून आतच शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी फुलं लावतात. त्यांशिवाय त्यांना ती उघडी वाटते. गोधडी पहिली झिजते ती कोपऱ्यांवरच, त्यामुळे शोभेबरोबर तिथे जास्तीचं कापडही येतं.

गोधडीचे त्रास मी लपवणार नाही. कच्चे टाके घालायला जमीन मोकळी लागते, आणि एका खोलीच्या घरात ती रोज पसरून उचलणं जिवावर येतं. प्रवासात ती होत नाही. अंगुस्तान नसेल तर बोटाची चाळण होते. शेवटचा टाका पडेपर्यंत 'झाली' म्हणायची सोय नाही. पावसाळ्यात वाळवणं हा खरा प्रश्न आहे. पाच-सहा थरांची गोधडी जुलैमध्ये कोकणात धुतली तर कुबट वास येणारच. तीन थरांची पंख्याखाली रात्रीत वाळते, निदान आमच्याकडे वाळली. क्रोशाचं पांघरूण याबाबतीत सरस आहे, जाळीतून वारा जातो.

आणि एक नाजूक बाब. काही घरांत बाळाला जुनेर चालत नाही, काही घरांत नेमकं तेच हवं असतं. पणजीच्या लुगड्याचं कापड म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे बाळाच्या आजीला आधी विचारून घ्यावं. जुनं कापड घ्यायचं तर ते कितीतरी धुण्यांतून गेलेलं असतं. आटायचं तेवढं आटलेलं, रंग सोडायचा तेवढा सोडलेला. फक्त उजेडात धरून विरलेली जागा बघावी आणि दोन्ही हातांनी ओढून बघावं. चर्र आवाज आला तर ते मधल्या थरालाही नको. सिंथेटिक साडी, कितीही आठवणीची असली तरी, बाळाच्या गोधडीत घालू नये. सुती साड्या घरात उरल्याच नसतील, तर मलमल घेऊन ती तीन-चारदा धुवावी आणि मगच कापावी.

वापराचं बोलायचं तर मला तराजू इथेही एका बाजूला झुकलेला दिसतो. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर सुटं पांघरूण नको, असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे क्रोशाचं काम पहिलं वर्षभर बहुतेक मांडीवर, नाहीतर कपाटात असतं. झोपेच्या जागी मऊ जाड अंथरूणही नको म्हणतात, म्हणून गोधडी पातळच ठेवायची आणि ती बाळ जागं असतानाची करायची. तेल लावताना, उन्हात घेऊन बसताना, पालथं पडायला शिकताना, पुढे रांगताना जमिनीवर तीच असते. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून ती वापरात येते. देणाऱ्याला आणखी काय हवं?

तरीही तुमचा सगळा फावला वेळ प्रवासात जात असेल, बाळ थंड मुलखात असेल, किंवा भेट वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला द्यायची असेल, तर क्रोशाला मी नको म्हणणार नाही. फक्त सलग ओळींचं करा.

आणि हातात क्रोशाची सुई घेतल्याशिवाय तुम्हाला चैनच पडत नसेल, तर गोधडीच्या काठावर आधी सुईदोऱ्यानं काजटाके घाला आणि त्यांत मुक्या खांबांची एक ओळ फिरवा. एकाच रंगात, भोकं न ठेवता. क्रोशाची टोकं मोजून दोनच येतात, आणि ती दोन्ही सुईनं काठाच्या दुमडीत, पोटात सोडता येतात.