टाटा ४०७ चा चढलेला काटा आणि ऑटो नगरचा वायरिंगवाला

बेळगावात जुन्या गाडीच्या वायरिंगचं काम कुणाकडं द्यावं असं कुणी विचारलं तर हल्ली मी एकच पत्ता सांगतो. कणबर्गी रोडकडचं ऑटो नगर, पाटे भरणाऱ्यांच्या शेडांच्या मागची ओळ, निळं शटर. बोर्ड नाही, पण शेजारच्या चहाच्या गाड्यावर ‘वायरिंगवाले मामा’ म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. मामा साठीला टेकलेत. गिऱ्हाइकाशी मराठी, हाताखालच्या पोराशी कानडी, आणि तुटलेली वायर सापडेनाशी झाली की वायरीशी हिंदी.

माझी गाडी २००४ ची टाटा ४०७. भाजी मार्केटात माल भरायचा, रात्री निघायचं, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गोव्यात पोचायचं. पावसाळ्यानंतर इंजिनच्या टेम्परेचरचा काटा नाटकं करायला लागला. दिवसा मधल्या रेघेच्या जरा वर, रात्री थेट लाल पट्टीला चिकटलेला. गाडी थांबवून बघावं तर रेडिएटरमधून ना वाफ, ना उकळल्याचा आवाज. होस पाईप तापलेले, पण नेहमीइतकेच. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे घाट उतरताना, डिझेलवरचा पाय काढलेला असतानाही काटा लालमध्येच. उतारावर इंजिनला काम नसतं, तिथं ते तापेल कशाला?

आधी जिथं गाडी नेली त्या गॅरेजचं नाव घेत नाही. तिथं काटा बघून सरळ निदान झालं. पहिल्यांदा टेम्परेचरचा नवीन सेन्सर बसवला. काटा आणखी वर गेला. मग रेडिएटर काढून रॉडिंग करू, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ करू म्हणाले, ते नको म्हटलं तर थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारी झडप) काढून टाकू म्हणाले, आणि शेवटी हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पॅकिंगवर आले. हेड उतरवायचा खर्च ऐकून मी किल्ली परत मागितली. इंजिन खरंच किती तापलंय हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं. एक बरं की काढलेला जुना सेन्सर मी टाकू दिला नव्हता, टूलबॉक्समध्ये कापडात गुंडाळून ठेवला होता.

मामांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच म्हटलं, “गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी आणून लाव. सकाळी मी यायच्या आत चावी फिरवू नको.” रात्रभर गाडी दुकानासमोर. सकाळी त्यांनी इंजिन चालू न करता नुसती चावी टाकली. इंजिन गारठलेलं, ब्लॉकवर हात ठेवला तर थंडगार, आणि काटा मात्र खालच्या रेघेपासून चांगला वर उभा. मामा हसले. पहिला खोटेपणा तिथंच पकडला गेला, तोही एक पैशाचं हत्यार न वापरता. तुमच्या गाडीलाही शंका असेल तर घरच्या घरी एवढं जरूर करून बघा.

मग त्यांनी हेडलाईट लावली. टेम्परेचरचा काटा टुणकन वर, आणि त्याच क्षणी शेजारचा डिझेलचा काटाही हलला. हे मी रस्त्यावर कधी नीट पाहिलं नव्हतं, रात्री लक्ष एकाच काट्यावर असायचं. मामा म्हणाले, “लाईट लावली म्हणून टाकीतलं डिझेल हलूलाय काय? मग पाणी तरी कसं तापंल?” दोन्ही काटे एकदम आणि लाईटीबरोबर हलतात, म्हणजे दुखणं इंजिनमध्ये नाही, मीटर बोर्डाच्या मागं आहे. दोन्ही मीटरना जे सामाईक असतं तेच बिघडलेलं असणार: एक तर करंट, नाही तर अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत नेणारी जोडणी. काही जुन्या गाड्यांत मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारी एक छोटी डबी असते, ती गेली तरी सगळे काटे एकदम वर चढतात, असंही त्यांनी सांगितलं.

तरी लगेच डॅशबोर्ड उघडला नाही. हीच गोष्ट मला आवडली. आधी रेडिएटरमधलं पाणी बघितलं, गाडी गार असतानाच. पाणी कमी असलं तर सेन्सरचं टोक वाफेत लोंबकळतं आणि काटा भलतंच काहीतरी सांगतो, इंजिन उकळत असताना तो खालीही बसू शकतो. पाणी बरोबर होतं. मग सेन्सरची वायर काढून चावी टाकली: काटा एकदम खाली. वायरचं टोक क्षणभर ब्लॉकला टेकवलं: काटा पार वरच्या टोकाला. म्हणजे मीटर जिवंत आहे आणि वायर कुठं तुटलेली नाही. हे करताना टोक जास्त वेळ टेकवून ठेवायचं नाही, मीटर जळू शकतं.

मग इंजिन चालू करून तापू दिलं आणि मामांनी ते पिस्तुलासारखं लाल ठिपक्याचं थर्मामीटर बाहेर काढलं. थर्मोस्टॅटच्या घराच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर धरलं तर आकडा पन्नासच्या आसपास. मी म्हटलं हे पण बिघडलंय. त्यांनी काही न बोलता काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा त्याच जागेवर चिकटवला, टेप तापेपर्यंत थांबले आणि पुन्हा ठिपका टेपवर धरला. ८४. चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आजूबाजूचंच प्रतिबिंब दाखवतो, त्यामुळं हे यंत्र तिथं फसतं. काळ्या, खरबरीत जागेवर धरलं की बरोबर सांगतं. ऑनलाइन मागवलेली ही पिस्तुलं हल्ली बऱ्याच गाडीवाल्यांकडं असतात, पण टेपचा तुकडा चिकटवताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. इंजिन ८४ वर, म्हणजे अगदी तब्येतीत. काटा मात्र लालच्या अलीकडं.

खरी मजा पुढं. इंजिन निवल्यावर गॅरेजवाल्याचा नवीन सेन्सर काढला, माझ्या टूलबॉक्समधला जुना घेतला आणि चहाच्या गाड्यावरून पाण्याचं पातेलं उकळत ठेवायला सांगितलं. दोन्ही सेन्सर तारेनं बांधून टोकं पाण्यात सोडली, सोबत काचेचा थर्मामीटर. एक वायर सेन्सरच्या पिनला, एक अंगाला, आणि मल्टिमीटर ओहमवर. थंड पाण्यात आकडा मोठा, पाणी तापत जाईल तसा उतरत जातो, कारण या सेन्सरचा रोध उष्णतेनं कमी होतो. रोध जितका कमी तितका काटा वर. पाणी खदखदायला लागलं तेव्हा थर्मामीटर ९७ वर थांबला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, इथं पाणी शंभरला पोचायच्या आधीच उकळतं. रेडिएटरमध्ये मात्र झाकणाच्या दाबामुळं ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, म्हणून तर गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं.

त्या एकाच पाण्यात नवीन सेन्सरचा रोध जुन्याच्या जवळजवळ निम्मा. आटे तेच, पिन तीच, दिसायला जुळे भाऊ, पण दुसऱ्या कुठल्या तरी मीटरसाठी बनवलेला. आटे बसले म्हणजे सेन्सर बसला असं नाही, हे मामांचं म्हणणं मला पातेल्यातच पटलं. जुना सेन्सर ठणठणीत होता. त्यांनी तोच परत बसवला. नव्या सेन्सरच्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली होती, ती बघून मामा वैतागले. एक वायरवाल्या सेन्सरला अर्थ मिळतो तो आट्यांतूनच. टेपचे थर चढवले की तो अर्थ कच्चा होण्याची भीती असते आणि मग काटा उलट खाली राहतो. “वर जाणारा काटा तुला घाबरवतो. खाली झोपलेला काटा इंजिन खातो.”

डॅशबोर्ड दुपारनंतर उघडला. मीटर बोर्डाच्या मागची काळी अर्थ वायर बॉडीला जिथं स्क्रूनं पकडलेली होती तिथं हिरवट बुरशी आणि खाली गंज. पावसाळ्यात काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं, ते बरोबर त्याच वाटेनं खाली येत होतं. मीटरच्या दिव्यांचा अर्थही त्याच वायरीवर, म्हणून लाईट लावली की काटे हलायचे. पॉलिश पेपरनं जागा चकचकीत केली, वायरच्या टोकाला नवीन लग (स्क्रूखाली धरायची धातूची कडी) दाबून लावला आणि वर ग्रीसचा हात फिरवला. इंजिन ते चासीच्या अर्थ पट्टीचे नट-बोल्टही उघडून साफ केले. मग चावी, हेडलाईट. काटे जागचे हलले नाहीत. गाडी तापवून टेपवर पुन्हा मोजलं तेव्हा काटा मधल्या रेघेला आणि आकडा ८५.

बिल ३५० रुपये. सगळ्या दिवसाचं. मामांनी मला एकही पार्ट विकला नाही. नवीन सेन्सर परत करून टाक म्हणाले. तो ज्या दुकानातून आणला होता तिथं ‘इलेक्ट्रिकल माल परत नाही’ अशी पाटी आहे, तो विषय सोडा. थर्मोस्टॅट काढायचा सल्ला त्यांना सांगितला तर त्यांनी कपाळावर हात मारला. वॉल्व काढला की बायपासची वाट सताड उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि भर घाटात लोड असताना तेच महागात पडू शकतं. थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त पितं, ते वेगळंच.

आता तक्रारी. वेळेच्या बाबतीत मामा भरवशाचे नाहीत. सकाळी आठ म्हणजे साडेनऊ धरून चला. मध्येच कुणाचा सेल्फ (स्टार्टर) अडकला की तुमची गाडी तशीच उघडी टाकून तिकडं जातात. बसायला एक फुटकी बॅटरीची पेटी, तिच्यावरही बहुतेक वेळा दुसरंच कुणी बसलेलं. काम करताना प्रश्न विचारले तर आधी उत्तर मिळत नाही, नंतर चहा पिताना भरभरून मिळतं. त्यांच्या पोरानं डॅशबोर्ड बसवताना एक स्क्रू कमी लावला, तेव्हापासून कणकुंबीच्या पुढच्या खड्ड्यांत डावी बाजू खडखडते. सांगितलं तर ‘ये कधीपण, लावून देतो’. पक्कं बिल मिळत नाही, सिगरेटच्या पाकिटाच्या मागं आकडे, तेही कानडीत. हिशोब ठेवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हे चालणार नाही. आणि आधी अंदाज विचारला तर सांगत नाहीत, “बघितल्याशिवाय कसं सांगू” म्हणतात. त्यांची पद्धत पाहिल्यावर मला यात खोट वाटली नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला धाकधूक होणारच.

बीएस ६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर तिकडं जाऊच नका. त्यात सेन्सरचा सिग्नल आधी कंट्रोल युनिटला जातो आणि काटा कंट्रोल युनिट सांगेल तसा हलतो. वायर काढून ब्लॉकला टेकवायचे प्रकार तिथं करायचे नसतात. मामा स्वतःच अशी गाडी दारातून परत पाठवतात, कंपनीच्या वर्कशॉपला जा म्हणून.

जुनी ४०७, जुनी टेम्पो, पाट्यावरचा कुठलाही जुना ट्रक असेल तर जा. गाडी आदल्या संध्याकाळीच लावा. ओळीच्या टोकाला गटारावरची फरशी खचलेली आहे, मागचं चाक तिथं नेऊ नका. काढलेले जुने पार्ट असतील तेवढे सगळे सोबत न्या. फोनपे चालतं, पण तो मोबाईल पोराच्या खिशात असतो आणि पोरगं दुपारी जेवायला घरी जातं, तेव्हा खिशात रोख ठेवा.