स्पष्टवक्ता सुखी भवेत्? : कार्यालयीन राजकारणावरील दोन दिवसांच्या कार्यशाळेविषयी

गेल्या जानेवारीत पुण्यातील एका प्रशिक्षण संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी स्वतःच्या खिशातून पैसे भरून गेलो होतो. कार्यालयातील राजकारणात वावरताना माणसाने स्वतःशी प्रामाणिक कसे राहावे, हा तिचा विषय होता. शुल्क ९,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ११,२१० रुपये पडले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत. शिवाय याच धर्तीच्या कार्यशाळा आता अनेक ठिकाणी भरतात, तेव्हा त्यांपैकी कोणत्याही एकीसाठी पैसे भरण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला हा अभिप्राय उपयोगी पडावा.

मी चाकण परिसरातील एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात १९ वर्षे काम करतो. आमच्याकडे वाहनांचे सुटे भाग तयार होतात. बढती कोणाला मिळाली आणि कोण कोणाच्या मर्जीतला आहे, हे राजकारण सगळीकडे असते. गुणवत्ता विभागात मात्र ते महिन्याच्या शेवटच्या तारखेला थेट तुमच्या सहीपाशी येऊन उभे राहते. डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो, गाडी गेटवर लागलेली असते आणि नेमका त्याच वेळी तपासणीत लॉट, म्हणजे एका खेपेत तयार झालेला माल, अडकतो. वाहन उद्योगाला लागू असलेले आयएटीएफ १६९४९ हे २०१६ चे मानक स्पष्ट सांगते की, गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाला माल रोखण्याचा आणि गरज पडल्यास उत्पादन थांबवण्याचाही अधिकार असला पाहिजे. आमच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले आहे. परंतु माल रोखल्यावर ज्यांचा आकडा घसरतो, तेच साहेब रोखणाऱ्याची पगारवाढ लिहितात, आणि ही गोष्ट कोणत्याही मानकात लिहिलेली नसते. 'खोटी सही करा' असे कोणी कधीच म्हणत नाही. 'बघा जरा', 'ॲडजस्ट करून घ्या', 'तुम्ही काय आजचे आहात का?' एवढेच म्हटले जाते.

अशा प्रसंगांत मी आजवर बहुतेक वेळा ताठ उभा राहिलो आणि प्रत्येक वेळी माणसे दुखावून बाहेर पडलो. स्पष्टवक्ता सुखी भवेत्, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यातील पहिला शब्द मला पुरेपूर लागू पडला, दुसऱ्याचा अनुभव मात्र आला नाही. कार्यशाळेला जाण्याचे कारण एवढेच होते.

जागा, चहा, जेवण यांविषयी तक्रार नाही. पहिल्या दिवशी एका तरुण प्रशिक्षिकेने विषयाची सैद्धांतिक बाजू मांडली. दुसरा दिवस कारखान्यांमध्ये कार्मिक अधिकारी म्हणून हयात घालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे होता.

सुरुवातीला प्रत्येकाकडून १८ विधानांची एक प्रश्नावली भरून घेतली. जेराल्ड फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तयार केलेले राजकीय कौशल्याचे हे मापन व्यवस्थापनशास्त्रात बरेच वापरले जाते. माणसे ओळखण्याची नजर, इतरांवर प्रभाव पाडण्याची हातोटी, ओळखीपाळखी जोडण्याची क्षमता आणि चौथी गोष्ट म्हणजे प्रामाणिक भासणे, अशा चार अंगांनी ते माणसाला मोजते. चौथ्या अंगापाशी मी थबकलो. प्रामाणिक असणे आणि प्रामाणिक भासणे यांत जे अंतर आहे, तोच तर या कार्यशाळेचा विषय असायला हवा होता. मी तसे विचारले तेव्हा बाईंनी 'जे आहात ते दिसलेही पाहिजे' असे उत्तर देऊन पुढची स्लाइड लावली. उत्तर चूक नव्हते, पण उलट्या बाजूने काय, म्हणजे जे नाही ते उत्तम दिसत असेल तर काय, हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या कारखान्यात या चौथ्या अंगात पैकीच्या पैकी गुण मिळवतील असे निदान दोघे जण मला माहीत आहेत, आणि त्यांच्या हातात मी माझ्या स्कूटरची किल्लीही देणार नाही.

त्यानंतरचे सत्र मात्र रंगले. सायमन बॅडली आणि किम जेम्स या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९८७ मध्ये मांडलेली एक चौकट बाईंनी फळ्यावर काढली. एका अक्षावर आजूबाजूचे राजकारण वाचता येते की नाही, आणि दुसऱ्या अक्षावर माणूस सचोटीने वागतो की डावपेच खेळतो. त्यातून चार प्राणी निघतात. वाचता येते आणि डाव खेळतो तो कोल्हा. वाचता येत नाही तरीही डाव खेळायला जातो ते गाढव. सचोटी आहे पण काही कळत नाही ती मेंढी, आणि सगळे कळत असूनही सरळ वागते ते घुबड. आदर्श म्हणून घुबड समोर येताच सभागृहात हशा पिकला, कारण आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, आणि घुबडासारखा बसून राहतो म्हणजे मठ्ठ. मागच्या रांगेतील एकाने 'लक्ष्मीचे वाहन तरी आहे, पगारवाढीला बरे' असे म्हणून त्याची बाजू सावरली. मी मोठ्या विश्वासाने स्वतःला घुबडाच्या चौकटीत घातले होते. शेजारी बसलेल्या बँकेतील एका बाईंनी माझे दोन-तीन किस्से शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'तुम्ही मेंढीच्या चौकटीत आहात, पण मेंढी नव्हे, मेंढा. कळपात काय चाललंय याचा पत्ता नाही, धडक मारायची हौस मात्र दांडगी.' अकरा हजारांतले निदान तीन हजार त्या एका वाक्यात वसूल झाले, आणि ते वाक्य संस्थेच्या अभ्यासक्रमात नव्हते.

दुपारी 'स्वतःचा ब्रँड' या विषयावर दीड तास गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

पहिल्या दिवसाविषयी माझी सर्वांत गंभीर तक्रार वेगळीच आहे. एका सहभागी महिलेने आपल्या वरिष्ठांच्या वागणुकीविषयी जे सांगितले, ते ऐकणाऱ्या कोणालाही राजकारण वाटले नसते. तो उघड लैंगिक छळ होता. त्यावर 'अवघड स्वभावाच्या वरिष्ठाला कसे हाताळावे' या सदराखाली सल्ला देण्यात आला. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते, हे त्या वेळी सांगायला हवे होते. ते चहाच्या वेळी निवृत्त अधिकाऱ्यांनी तिला बाजूला बसवून सांगितले. जेथे कायदा मोडला जात आहे तेथे माणसाला चातुर्य शिकवणे, ही प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची अक्षम्य चूक आहे, आणि अभिप्रायाच्या छापील अर्जावर मी ती याच शब्दांत लिहिली.

दुसऱ्या दिवशी प्रसंग उभे करून दाखवायचे होते. मी माझा प्रसंग दिला. ४०० हाउसिंगचा, म्हणजे सुट्या भागाच्या बाहेरच्या कवचांचा लॉट, नमुन्यातील ५० पैकी ५ नगांचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचे माप, मर्यादेबाहेर, महिन्याची ३१ तारीख आणि रात्रीचे आठ. निवृत्त अधिकारी साहेब झाले आणि मी मीच राहिलो. प्रत्यक्षात जे बोललो होतो तेच बोललो, 'मी सही करणार नाही. तुम्हाला करायची असेल तर तुम्ही करा.' त्यांनी तेथेच थांबवून विचारले, 'या दोन वाक्यांत तत्त्व किती आणि राग किती?'

मला उत्तर देता आले नाही, म्हणून त्यांनीच दिले. पहिले वाक्य तत्त्वाचे, दुसरे रागाचे. आणि समोरच्याला ऐकू येते ते फक्त दुसरे. मग तोच प्रसंग पुन्हा उभा केला. त्यांच्या मदतीने मी जे म्हटले ते साधारण असे होते : 'साहेब, ५० पैकी ५ नग बाहेर आहेत, त्यामुळे लॉट आहे तसा जाऊ शकत नाही. रात्रपाळीला दोन माणसे दिलीत तर सगळे ४०० नग एअर गेजवर तपासून चांगले तेवढे सकाळी सातला मोकळे करतो. उरलेल्यांसाठी कस्टमरकडे कन्सेशन, म्हणजे आहेत तसे नग घेण्याची परवानगी, मागायचे का, तो मेल आत्ता लिहून तुम्हाला दाखवतो. लॉट पास असे मात्र मी लिहिणार नाही.' साहेब झालेले गृहस्थ एवढ्यावर सोडणारे नव्हते. 'आणि मी सांगितलं म्हणून लिहा, असं म्हटलं तर?' मी म्हणालो, 'तर तेवढं मेलवर पाठवा.' पुन्हा थांबवले गेले. ही धमकी झाली, असे ते म्हणाले. साहेबांकडून लेखी मागण्यापेक्षा 'आपल्या चर्चेप्रमाणे लॉट रोखून शंभर टक्के तपासणी सुरू केली आहे' असा दोन ओळींचा मेल आपणच टाकावा. त्यात कोणावर आरोप नसतो आणि घडले ते नोंदलेले राहते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला अधिक लागली. ज्या दिवशी काहीही अडलेले नाही अशा दिवशी तुम्ही उत्पादन विभागाच्या प्रमुखांकडे शेवटचा चहा कधी घेतला, असे त्यांनी विचारले. मी १९ वर्षांत कधीच घेतला नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला अभिमान होता. जो माणूस त्यांच्या केबिनमध्ये बसतो तो त्यांचा होतो, अशी माझी समजूत होती. हांजी हांजी करणारे मी इतके पाहिले आहेत की साधी विचारपूसही मला त्याच पंगतीतली वाटू लागली होती. अडवलेल्या मालाला लावायचा लाल टॅग हातात घेऊनच जो माणूस कायम दारात उभा राहतो, त्याचा आवाज ऐकताच समोरचा ढाल उचलतो, यात नवल कसले? फटकळपणा हा माझा स्वभाव आहे आणि खोटी सही न करणे ही माझी निष्ठा आहे, या दोन गोष्टी मी इतकी वर्षे एकाच खुंटीवर टांगून ठेवल्या होत्या, हे त्या अर्ध्या तासात लक्षात आले.

अर्थात, सभागृहातील साहेबांचा आकडा घसरत नसतो, त्यामुळे ते लवकर ऐकतात. म्हणून मी शेवटी विचारले की हे सगळे नीट करूनही बाजूला काढले तर काय. गृहस्थ म्हणाले, 'मग काढतील. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. हप्ते डोक्यावर असले की मान लवकर वाकते.' दोन दिवसांत एवढे सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला मिळाले नाही.

उणिवा आणखी आहेत. तुकडीत २४ जण होते आणि प्रसंग उभा करण्याची संधी फक्त सहा जणांना मिळाली. बाकीच्यांनी तेवढेच पैसे बघण्यासाठी भरले. स्लाइडवरील उदाहरणे सगळी सॉफ्टवेअर कंपन्यांची होती. कंत्राटी कामगार किंवा शिकाऊ उमेदवार यांचा उल्लेखही आला नाही. ज्याला उद्यापासून येऊ नको असे गेटवरच सांगता येते, त्याने 'आपल्या चर्चेप्रमाणे' असा मेल कोणाला पाठवायचा? महिनाभरानंतरचे ऑनलाइन सत्र शुल्कात धरलेले होते. ते ४० मिनिटे चालले आणि त्यातील बराच वेळ 'आवाज येतोय का' यात गेला.

मार्चअखेरीस आमच्याकडे पुन्हा लॉट अडकला. त्याआधी दोन महिने मी अधूनमधून उत्पादन विभागात चहाला जात होतो, सुरुवातीला दोघेही अवघडून बसायचो. या वेळी साहेबांसमोर जाण्याआधी उत्पादन प्रमुखांनाच फोन केला आणि तपासणीला माणसे त्यांनीच दिली. चांगले नग दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, उरलेले लाल टॅग लावून बाजूला राहिले. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पगारवाढीच्या पत्रात गेल्या वर्षीइतकाच आकडा आला. उत्पादन प्रमुख मात्र आता शंका आली की लॉट तपासणीला येण्याआधीच फोन करतात, आणि हे यापूर्वी कधी घडले नव्हते.

नोकरीत दहा-बारा वर्षे झालेल्या आणि आपण फार सरळ आहोत अशी खात्री असलेल्या माणसाने अशा कार्यशाळेला जरूर जावे. नव्याने लागलेल्याला त्यातून कोल्हा होण्याचीच विद्या आधी मिळेल, अशी मला भीती वाटते. पैसे भरण्यापूर्वी तुकडीत किती जण आहेत आणि प्रसंग उभा करण्याची संधी प्रत्येकाला मिळणार का, हे विचारून घ्यावे. दोन दिवसांचे शुल्क वेगवेगळे भरता येत असते, तर मी फक्त दुसऱ्या दिवसाचे भरले असते.