गिनिपिगचे ‘क’ जीवनसत्त्वयुक्त खाद्य : दावा आणि माल

पुण्यातील पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातून आमच्या गिनिपिगसाठी आणलेल्या या खाद्याच्या पाकिटावर ‘क’ जीवनसत्त्वामुळे यकृत सक्षम राहते असा ठळक दावा असून, शेजारी गिनिपिग आणि ससा अशी दोघांची चित्रे छापली आहेत. ससा तिथे कशासाठी आहे, हे कळायला मार्ग नाही. ससा, उंदीर, कुत्रा हे प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतातच तयार करतात. गिनिपिगच्या यकृतात मात्र या प्रक्रियेची शेवटची पायरी पार पाडणारे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे एन्झाइमच नसते. म्हणूनच नॉर्वेतील संशोधक होल्स्ट आणि फ्रोलिक यांना १९०७ मध्ये स्कर्व्हीचा, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा, अभ्यास या प्राण्यावर करता आला.

दावा सर्वस्वी खोटा नाही. ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या गिनिपिगच्या यकृतात कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करणाऱ्या एन्झाइमचे काम मंदावते आणि कोलेस्टेरॉल साठू लागते. औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० गटातील एन्झाइमचे प्रमाणही घटते, त्यामुळे काही औषधांचा निचरा सावकाश होतो. परंतु ज्या प्राण्याला हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत आहे, त्याला ते आणखी दिल्याने यकृत अधिक जोमाने चालेल असा अर्थ यातून निघत नाही, आणि पाकीट नेमके तेच सुचवते. दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम एवढीच या प्राण्याची गरज असते.

खाद्य स्वतः चांगले आहे. गोळ्या कडक आहेत, भुगा फारसा पडत नाही, गवताचा वास ताजा आहे आणि आमचा प्राणी ते आवडीने खातो. तक्रार आहे ती दुकानाच्या पद्धतीबद्दल. हेच खाद्य तिथे दर्शनी भागातील पारदर्शक बरणीतून सुटेही विकले जाते, त्यावर उत्पादनाची तारीख नसते, आणि उजेड, उष्णता व पावसाळ्यातील दमटपणा यांनी सर्वांत आधी नासते ते हेच जीवनसत्त्व. साध्या स्वरूपातील ‘क’ जीवनसत्त्व घातलेले खाद्य उत्पादनापासून सुमारे ९० दिवसांत संपवावे असे मानले जाते. सुटे थोडे स्वस्त पडते खरे, पण ज्यासाठी पैसे मोजायचे तेच त्यात उरले असेल याची खात्री कोण देणार?

मोहरबंद पाकीट, तेही तारीख पाहून, जरूर घ्यावे. सोबत रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्यावा. दुकानदार आग्रहाने सुचवतो तो लसूणघास मात्र प्रौढ गिनिपिगला रोज देऊ नये, कारण त्यातील जास्तीच्या कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका वाढू शकतो.