राजवाडा आज बंद आहे, असं बँकॉकात कुणी सांगितलं तर

फसवणुकीत गेलेले पैसे आधी सांगतो. 42,500 बाट, म्हणजे थायलंडचं चलन. कार्डाच्या हिशोबात बाट 2.70 रुपयांना पडला, म्हणजे 1,14,750. त्यावर परदेशी व्यवहाराचा साडेतीन टक्के आकार 4,016 आणि त्या आकारावर जीएसटी 723. एकूण 1,19,489 रुपये. भिशीचे पैसे होते, पोराच्या खोलीवर स्लॅब टाकायला ठेवलेले.

दोन महिने घरात कुणाला बोललो नाही. आता आमच्याच गल्लीतलं एक जोडपं दिवाळीनंतर बँकॉकला निघालंय, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट 2025 मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच देशाबाहेर पडलो. तेव्हा व्हिसाची कटकट नव्हती म्हणून थायलंड. पहिले चार दिवस खरंच छान गेले, ते नाकारणार नाही. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात, आत्ताचे राम दहावे. जुन्या राजधानीचं नाव अयुथया, म्हणजे आपली अयोध्याच. हॉटेलात, दुकानात, बोटीवर जो तो हात जोडून नमस्कार करतो. परक्या देशात आलोय असं वाटतच नाही, आणि माणूस इथेच ढिला पडतो.

पाचवा दिवस मोकळा होता, विमान रात्रीचं. साथोन धक्क्यावरून भगव्या झेंड्याची बोट धरली, माणशी 16 बाट, आणि ‘ता चांग’ नावाच्या धक्क्यावर उतरलो. राजवाड्याची पांढरी भिंत समोर दिसत होती. गेट दोनशे पावलांवरही नसेल. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आडवा आला. हात जोडले. कुठून आलात, वगैरे. मग म्हणाला, आज बौद्ध सण आहे, दुपारी एकपर्यंत आत फक्त थाई लोकांना प्रार्थनेला सोडतात. तोवर दुसरी देवळं बघून या, सरकारी टुकटुक (तिथली रिक्षा) आहे, 40 बाटमध्ये सगळं फिरवून इथेच आणून सोडेल.

हे सगळं खोटं. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं, परदेशी माणसाला 500 बाट. हे मी कोल्हापुरात परत आल्यावर वाचलं. तुम्ही जायच्या आधी वाचा. आणि कुणी काहीही सांगू दे, गेटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जा. गेटवरच्या शिपायाने नाही म्हटलं तरच नाही.

टुकटुक वळली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लोक आत जातायत की. ती बघा, छत्रीवाली गोरी बाई."

मी म्हणालो, "अगं, ते वेगळ्या गेटचं असेल."

हे वाक्य मी रोज आठवतो. बाई गोरी होती. थाई लोकांनाच सोडतात, असं मला पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. बायकोने बोट करून दाखवलं आणि मी तिलाच गप्प केलं. दुसरी गोष्ट तो 40 बाटचा दर. म्हणजे 108 रुपये. आमच्या इथे स्टँडवरून रंकाळ्याला जायचं तर रिक्षावाला ऐंशी मागतो, आणि हा माणूस दोन तास शहर फिरवणार 108 रुपयांत? तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय, कुठल्या मालावर काय सुटतं ते मला झोपेतही सांगता येतं. तो हिशोब त्या दिवशी मी केलाच नाही.

पहिलं देऊळ छोटं होतं, आत कुणी नाही. पायरीवर एक गृहस्थ बसलेले, चांगल्या घरातले वाटले. भाऊ पुण्यात शिकला म्हणाले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की सरकारचा निर्यात आठवडा चालू आहे, नीलम करमुक्त मिळतात, आज शेवटचा दिवस. मी विचारलंही नव्हतं. राजवाड्याजवळचा माणूस आणि हे गृहस्थ एकमेकांना ओळखत नाहीत, मग दोघं खोटं कशाला सांगतील, असं मला वाटलं. ती दोघं एकाच टोळीची असतात. टुकटुकवालाही त्यातलाच.

नीलम मला का घ्यावासा वाटला, तेही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हावरटपणा केला. पोराची रास मेष. 29 मार्चला शनी मीनेत गेला आणि त्याची साडेसाती लागली. गुरुजींनी नीलम सांगितला होता. थायलंड नीलमाचा देश, चांथाबुरीचा बाजार जगात नावाजलेला, हे खरंच आहे. म्हणजे मी काही वेड्यासारखा गेलो नाही.

दुकानात गार हवा, पांढऱ्या मखमलीचा ट्रे, वर टेबलाचा दिवा. चिमट्याने खडा फिरवला की निळा रंग पाण्यासारखा हलायचा. दोन खडे, 58,000 सांगितले. मी घासाघीस करून 42,500 वर आणले आणि मनात खूश झालो. पिन मी स्वतः टाकला. बाहेर आलो तर टुकटुकवाला काउंटरवरून एक शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन येत होता. ती त्याने घडी घालून टपाच्या कडेला खोचली. तिथे आधीच्या तसल्याच चार-पाच चिठ्ठ्या होत्या. गिऱ्हाईक आणल्याबद्दल इंधनाची कूपनं. मी ती बघितली. पावतीवरची शाई वाळली नव्हती, दुकान वीस फुटांवर होतं, परत आत जाता आलं असतं. 1155 हा थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर, तो फिरवायची हीच वेळ होती. तुमच्या फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. मी टुकटुकमध्ये बसलो. त्याने आम्हाला राजवाड्याला नेलंच नाही, भलत्याच चौकात सोडलं. राजवाडा बघायचा राहिला तो राहिलाच.

रात्री सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे, बायको त्याचे फोटो काढत होती आणि मी शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा होतो, खडे पडू नयेत म्हणून.

गुजरीतल्या ओळखीच्या सराफाने भिंगाखाली दोन मिनिटं बघितलं. म्हणाला, "काका, खडे खरे आहेत. पण हलके आहेत, आणि तापवून रंग चढवलाय. दोन्हीचे मिळून अकरा-बारा हजार." गुरुजींनी हातही लावला नाही, तापवलेला खडा चालत नाही म्हणाले.

खडे खरे आहेत, आणि सगळे हात वर करतात ते यावरच. बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, वाद नोंदवता येत नाही. मी म्हटलं, संमती फसवून घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तो पर्याय सिस्टीममध्ये नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, हद्द आमची नाही. सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन काहीच झालेलं नाही, ठाण्यातच जा. परत ठाण्यात गेलो तर पहिल्या दिवशीचे साहेब रजेवर, आणि नवीन साहेबांनी हसून विचारलं, "तिकडं जाऊन खडं कशाला घेतला?" मी गुन्हेगार असल्यासारखं. सहल कंपनीने मोकळा दिवस आमच्या जबाबदारीत येत नाही म्हणून कळवलं. मोकळ्या दिवशी काय होतं हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे, निघायच्या बैठकीत सनस्क्रीनवर दहा मिनिटं बोलले, यावर एक वाक्य नाही. तिकडच्या एका कार्यालयाला मेल केला, चार आठवड्यांनी उत्तर आलं की खडे घेऊन समक्ष या. समक्ष! विमानाचं तिकीट कोण देणार?

जायच्या आधी कार्डाची परदेशातली मर्यादा कमी करून घ्या, बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. माझी दोन लाख होती.

बँकेत दुसरा अर्ज लेखी दिलाय, पोच घेतलीय. सोमवारी दुकान पोरावर सोडून परत जाणार आहे, या वेळी थेट मॅनेजरसमोर बसणार. खडे अजून त्याच पाकिटात आहेत, लाखेचा शिक्का तेवढा फुटलाय.