पॅराबेन घातलंच नव्हतं, तरी रिपोर्टात निघालं

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा कोरफड क्रीम नि शाम्पूचा छोटा उद्योग आहे. परवाना आहे, कामाला चार बायका आहेत. पुण्याच्या एका दुकानदारानं मोठी ऑर्डर देऊ केली, पण आधी प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे माल टिकवणाऱ्या रसायनाचा, एचपीएलसी रिपोर्ट मागितला. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. ओळखीतून एक माणूस आला. "मुंबईची लॅब आहे ताई, एनएबीएलवाली, लॅबना मान्यता देतात ना, ते. एका सँपलला साडेचार हजार, तीन दिवसांत रिपोर्ट." बिल मागितलं तर "नंतर पाठवतो" म्हणाला. क्रीम आणि शाम्पूचे मिळून नऊ हजार मी त्याच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआय केले.

सँपल नेताना त्यानं बॅच नंबर विचारला नाही, सील केलं नाही. आत काय काय घातलंय हेही विचारलं नाही. मला वाटलं, मशीनच शोधून काढत असेल.

तिसऱ्या दिवशी रंगीत पीडीएफ आली. गोल शिक्का, क्यूआर कोड, खाली ठळक 'पास'. मी तेवढंच वाचलं आणि पुण्याला धाडलं. माझे सासरे नुसत्या अंगठ्यानं चादरीचं सूत ओळखायचे आणि मी शिक्का बघून खूश!

अर्ध्या तासात फोन. "मॅडम, डबीवर पॅराबेन-फ्री लिहिलंय आणि रिपोर्टात मिथाइल पॅराबेन ०.१८ टक्के, शिवाय प्रोपाइलही. आम्हाला काय समजता?"

पॅराबेन हाही प्रिझर्व्हेटिव्हचाच एक प्रकार, पण आमच्या घरात तो कधी आलेलाच नाही. आम्ही फिनॉक्सीइथेनॉल हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह वापरतो, दहा किलोला ९० ग्रॅम, म्हणजे १ टक्क्याच्या मर्यादेत. रिपोर्टात नेमकं तेच 'आढळले नाही'.

भाचा एमएस्सी केमिस्ट्री झालाय. त्यानं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि हसायलाच लागला. "मावशी, क्रीमचा नि शाम्पूचा आलेख एकच आहे. शिखराचं क्षेत्रफळ शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. एकच बाटली दोनदा टोचली तरी इतकं जुळत नाही." दुसरी गंमत म्हणजे त्यात प्रोपाइल पॅराबेन आधी आणि मिथाइल नंतर आलं होतं. मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे सी-१८ कॉलम, तेलकट स्वभावाचा. जो रेणू जास्त तेलकट, तो आत जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून मिथाइल आधी सुटतं, प्रोपाइल मागून येतं. इथं वरात उलटी निघाली होती.

आणि मशीन आपणहून काही शोधत नाही म्हणे. ज्या पदार्थाचं शुद्ध स्टँडर्ड आधी चालवून बघितलंय, त्याच्याशीच ताडून मोजतात. म्हणजे खरी लॅब पहिल्यांदा आत काय आहे तेच विचारणार.

एनएबीएलच्या वेबसाइटवर रिपोर्टातला प्रमाणपत्र नंबर टाकला. तो नंबर भलत्याच लॅबचा, आणि तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता असलेल्या तपासण्यांत, पाणी नि माती. कॉस्मेटिकचं नावही नाही. क्यूआर कोड मात्र छान चालत होता, त्या माणसानंच बनवलेल्या पानावर नेत होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिस ठाण्यातही गेले. पैसे अजून आलेले नाहीत. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासणी केली. त्यांनी फॉर्म्युला मागितला, सीलबंद डब्या आणि बॅच नंबर मागितला, आणि आठवडा लावला. क्रीम मिथेनॉलमध्ये कोमट करून, हलवून, गाळून मग मशीनला देतात, हे तिथं कळलं. त्यांच्या रिपोर्टात कॉलम, तरंगलांबी, स्टँडर्डचा आलेख, स्टँडर्डच्या पाच वेगवेगळ्या तीव्रता मोजून काढलेली सरळ रेषा, मुद्दाम मिसळलेलं किती परत सापडलं, सगळं होतं. फिनॉक्सीइथेनॉल ०.८७ टक्के. पॅराबेन नाही. पुण्याच्या दुकानदाराला तो पाठवला. त्यांनी उघडूनही पाहिला नाही. त्यांचं तरी काय चुकलं?

परवा गल्लीतल्या शेंगाचटणीवाल्या काकू म्हणाल्या, एक माणूस येऊन गेला. शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, एचपीएलसी रिपोर्ट, साडेचार हजार, तीन दिवसांत. चटणीचं पुडकं त्यांनी दिलंय, पैसे अजून दिलेले नाहीत.