मधमाशीच्या मेणात पॅराफिन: चाचणीचा कागद पाहून फसू नका

मेणबत्त्यांसाठी सातेरी या देशी मधमाशीचे म्हणून २५ किलो मेण घेतले. रंग पिवळा, वास मधाचा, सोबत चाचणीचा कागद: वितळणबिंदू ६३ अंश, आम्लांक (मेणातल्या मोकळ्या आम्लाचे माप) २०. दोन्ही आकडे खोटे नव्हते, तरी माल बहुतांश पॅराफिन (खनिज तेलापासूनचे मेण) निघाला.

हे जमवतात कसे ते बघा. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते आणि तेवढ्याच वितळणबिंदूचे पॅराफिन बाजारात मिळते. पॅराफिनचा आम्लांक शून्य, स्टिअरिक आम्लाचा (तेल-चरबीपासून मिळणारा मेणासारखा पदार्थ) साधारण २००. नऊ भाग पॅराफिनमध्ये एक भाग स्टिअरिक घातले की आम्लांक २० येतो. युरोपीय माशीच्या मेणाचा तो १७ ते २४ असतो, त्यामुळे शंकाच येत नाही. पण सातेरीच्या मेणाचा १० च्या आत असतो! तिथेच थांबायला हवे होते. शिवाय कागदावर एस्टरांक, म्हणजे मेणातल्या एस्टर संयुगांचे माप, नव्हता. शुद्ध मेणाचा तो ७० च्या पुढे असतो, या मिश्रणाचा जवळजवळ शून्य. एस्टरांक दिला नसेल तर माल उचलू नका.

पेटवल्यावर लगेच कळले. मधमाशीचे मेण वितळल्यावर दाटसर राहते, म्हणून त्याला जाड वात लागते. तीच वात पॅराफिनमध्ये जास्त इंधन ओढते: ज्योत उंच जाते, काजळी धरते, मेण कडेने ओघळते.

घरी करता येईल अशी परीक्षा: खात्रीच्या मेणाचा हरभऱ्याएवढा तुकडा स्पिरिटमध्ये टाका, तो बुडतो. थेंबथेंब पाणी घालून ढवळत राहा. तुकडा अधांतरी तरंगू लागला की थांबा. आता संशयाचा तुकडा सोडा. पॅराफिन असेल तर तो वर येतो. दोन्ही तुकडे आधी वितळवून घ्या, आत हवेचा बुडबुडा राहिला तर शुद्ध मेणही वर येते. जवळ ज्योत नको. थोडी भेसळ मात्र यात सुटते, मोठ्या खरेदीला प्रयोगशाळाच गाठा.

असले मेण हाती आले तर स्वस्तात मधपाळांना देऊ नका. त्याचे मेणपत्रे (ज्यांवर माश्या पोळे बांधतात) पेटीत लागले तर स्टिअरिकमुळे पिलावा, म्हणजे माश्यांच्या अळ्या, मरतो. बेल्जियममध्ये हे घडले आहे.